आत यायची खूण

"सर, घ्या की आत!"

युवराज मोरबाळे टचलाइनवर उभा राहून ओरडत होता. डोक्यावर ओतलेलं पाणी केसांतून गळत होतं आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. दोन्ही हात वर करून तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि बॉलमागे पळालो.

जखमी खेळाडू उपचारासाठी मैदानाबाहेर गेला की त्याला वाटेल तेव्हा परत येता येत नाही. खेळ सुरू झाल्यावर रेफरीनं हातानं खूण केली, की मगच त्यानं पाय आत टाकायचा. साधीच खूण असते. दारात आलेल्या पाहुण्याला आपण "या की आत" म्हणून हात करतो, तशी. आजवर हजारदा तरी केली असेल. त्या दिवशी मात्र तेवढा एक हात मी उचलला नाही आणि माझ्या स्वतःच्या पेठेनं पुढची दहा वर्षं माझं नाव टाकलं.

कोल्हापुरात माणूस आधी पेठेत जन्मतो आणि मग घरात. मी जन्मलो वाघजाई तालमीच्या पेठेत; आमच्याकडं तालीम म्हणजे कुस्तीइतकीच फुटबॉलचीही. बूट बांधायला मला तालमीच्या संघाचे कोच आप्पा चौगुल्यांनी शिकवलं, तेही तालमीसमोरच्या कट्ट्यावर. गुडघा मोडला आणि खेळणं सुटलं, तेव्हा मी शिट्टी हातात घेतली. रेफरी झालो आणि तालमीच्या गणपतीला वर्गणी देणं बंद केलं, कट्ट्यावर बसणं सोडलं, मिरवणुकीत नाचणं सोडलं. लोक म्हणायचे, "सरनोबताचा पल्या लई शाणा झालाय." पण दुसऱ्या पेठांचा विश्वास बसायचा असेल, तर तेवढी किंमत मोजावीच लागायची. सत्त्याण्णव सालच्या फायनलला वाघजाई आणि नवरंग क्लब समोरासमोर आले, तेव्हा नवरंगवाल्यांनीच सांगितलं की रेफरी सरनोबत सर असू देत. मला त्याचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी माझीही फायनलच होती. गोव्याहून डिकॉस्टा साहेब मला बघायला आले होते. रेफरीलाही परीक्षक असतो, हे प्रेक्षकांना माहीत नसतं. साहेबांनी चांगला शेरा लिहिला, की माझं नाव आंतरराष्ट्रीय यादीसाठी दिल्लीहून पुढे जाणार होतं. मी पस्तिशीचा होतो आणि त्या यादीत नवीन नाव घ्यायला वयाची अट असते. छातीवर फिफाचा बॅज लावून परदेशात मॅच घ्यायची, यापलीकडे मला काही नको होतं. शाळेत पीटी शिकवताना, भाजी आणताना, अगदी दाढी करतानासुद्धा माझ्या डोक्यात तेवढंच चालायचं.

दुसऱ्या डावात युवराजनं गोल मारला आणि वाघजाई एक-शून्यनं पुढे गेली. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. युवराज बावीस वर्षांचा होता, दहा नंबरचा. मुंबईच्या एका कंपनीच्या संघाकडून त्याला बोलावणं आलं होतं, पावसाळ्यानंतर ट्रायल होती. जमलं तर कायमची नोकरी. पेठेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

थोड्या वेळानं नवरंगला कॉर्नर मिळाला. युवराज बचावाला मागे आला. त्यानं उडी मारली, नवरंगच्या उंच स्टॉपरनंही मारली आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. नारळ फोडल्यासारखा आवाज आला. स्टॉपर डोकं चोळत उठला. युवराज उठला नाही. मी शिट्टी मारून खेळ थांबवला.

मैदानावर डॉक्टर नव्हता. तेव्हा नसायचाच. तालमीचा एक माणूस पाण्याची बाटली आणि बर्फाची पिशवी घेऊन धावत आला. युवराजनं डोळे उघडले, उठून बसला, उभाही राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला बाहेर नेताना त्यानं माझा दंड धरला.

"सर, किती झालंय?"

"एक-शून्य."

"कुणाकडं?"

"तुमच्याकडं."

त्याचा चेहरा उजळला. "व्वा! मारला कुणी?"

मला वाटलं, गडी चेष्टा करतोय. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. चेष्टा नव्हती. तो खरंच विचारत होता आणि उत्तराची वाट बघत होता.

खेळ पुन्हा सुरू झाला. पाच मिनिटांत तो लाइनवर येऊन उभा राहिला, बूट बांधून, अगदी ताजातवाना. थ्रो-इन त्याच बाजूला होता, म्हणून मी त्याच्याजवळ गेलो.

"युवराज, गोल कुणी मारला रे?"

तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "संत्यानं. घ्या की आत, सर."

संत्याला तर आप्पांनी पहिल्या डावातच बाहेर काढलं होतं. मी परत फिरलो.

आप्पा लाइनीवर आले. धोतराचा सोगा एका हातात, दुसरा हात माझ्याकडे. "अरं पल्या, पोरगं बरं हाय की! घे आत! माझी बदली माणसं संपल्यात, दहांवर खेळायलोय आम्ही!"

"आप्पा, त्याचं डोकं ठिकाणावर नाही."

"तुझं तरी हाय का?"

आसपासचे हसले. मग हसणं थांबलं आणि शिव्या सुरू झाल्या. कायदा सांगतो की रेफरीच्या मते खेळाडू गंभीर जखमी असेल, तर त्याला मैदानाबाहेर पाठवायचं. रेफरीच्या मते, एवढंच. गॅलरीतल्या हजारो माणसांच्या मते युवराज ठणठणीत होता. तो लाइनीवर उड्या मारून दाखवत होता, गुडघे छातीला लावून दाखवत होता. प्रत्येक वेळी बॉल बाहेर गेला की ओरडायचा, "सर, का उभा करायलाय मला? काय केलंय मी तुमचं?" त्याच्या आवाजात रडं आलं होतं. मी शिट्टी दातांत घट्ट धरून बॉलमागे पळत राहिलो.

शेवटच्या दहा मिनिटांत नवरंगनं दोन गोल मारले. दुसरा कॉर्नरवरून झाला, नेमका युवराज जिथं उभा राहायचा तिथून.

कोल्हापुरी माणूस पायताणाला जपतो. करकर वाजणारं नवं पायताण तो सहसा फेकून मारत नाही. त्या दिवशी मैदानात पायताणांचा खच पडला, तेव्हा मला लोकांच्या रागाची खोली कळली. पोलिसांनी मला मधे घेऊन मागच्या फाटकानं बाहेर काढलं. जाताना आप्पा दिसले. त्यांनी काही फेकलं नाही. फक्त जमिनीकडे बघत उभे होते आणि ते मला पायताणापेक्षा जास्त लागलं.

घरी गेलो, पण चैन पडेना. युवराजचे ते डोळे समोरून हलेनात. दिवेलागणीला मी टोपी खाली ओढून बोळाबोळातून मोरबाळ्यांच्या परड्यात गेलो आणि मागचं दार वाजवलं. पुढच्या कट्ट्यावर पेठेची पोरं जमली होती आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. मला तो इथपर्यंत स्पष्ट ऐकू येत होता.

दार युवराजच्या आईनं उघडलं. आनंदीबाई मिरची कांडपाची गिरणी चालवायच्या. त्यांच्या पदराला कायम तिखटाचा वास असे. मला बघून त्या दचकल्या, पण ओरडल्या नाहीत.

"पुढं येऊ नगासा," त्या हळूच म्हणाल्या. "पोरं तापल्यात."

"वहिनी, युवराज कसा आहे?"

त्यांनी मागे वळून बघितलं. आतल्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. त्यांनी दार ओढून घेतलं आणि परड्यात आल्या.

"घरला आल्यापास्नं चारदा इचारलं त्यानं, 'आई, मॅच कवा हाय?' म्हणून. मी म्हटलं, झाली की रं मॅच. गप बसतोय आणि घटकाभरानं पुन्हा तेच." त्यांनी ओढलेल्या दाराकडे बघितलं. "ह्यांना सांगितलं तर म्हणत्यात, हरलाय म्हणून डोस्कं फिरलंय."

"आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. उलटी झाली, झोप अनावर झाली, तर क्षणभर थांबू नका. मी रिक्षा बोलावतो."

"मी नेते. माझा भाऊ हाय रिक्षावाला." त्यांनी पदर खोचला. मग एकदम माझा हात धरला. "सर, मुंबईचं बोलावणं आलंय पोराला. डोस्क्याला मार लागून काय आठवना झालंय असं बाहेर कळलं, तर कोण घेणार हो त्याला? कुणाला बोलू नगासा. तुमच्या घरातसुदीक नको."

मी म्हणालो, "नाही बोलणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी डिकॉस्टा साहेबांनी मला विश्रामगृहावर बोलावलं. म्हातारा चहात पाव बुडवून खात होता.

"मॅच चांगली घेतलीस, सरनोबत. पळणं चांगलं, हिंमत चांगली. पण त्या पोराला आत का घेतला नाही रे तू?"

"माझ्या मते तो गंभीर जखमी होता, साहेब."

"अरे, तो लाइनीवर नाचत होता! डॉक्टरनं काही सांगितलं?"

"डॉक्टर नव्हता."

साहेबांनी बशी बाजूला सारली. "हे बघ, मला नुसतं एक कारण दे. चक्कर येत होती, उलट सुलट बोलत होता, काही पण. मी ते लिहितो आणि विषय संपतो. तो काही बोलला का तुला?"

साहेबांचा कागद दिल्लीला जाण्याआधी कोल्हापूरच्या कट्ट्यावर पोचणार, हे मला माहीत होतं. असले कागद पोचतातच. आणि कट्ट्यावरून मुंबई फार लांब नव्हती.

"बोलला, साहेब."

"काय?"

"आईवरून बोलला."

साहेब खो खो हसले. मग हसू आवरून त्यांनी चष्मा लावला आणि लिहायला घेतलं. उठताना मी पाहिलं, त्यांचा चेहरा खरंच पडला होता. शिवीसाठी लाल कार्ड असतं; राग धरून खेळाडूला बाहेर ताटकळत ठेवणाऱ्या रेफरीला कोण पुढे पाठवणार? त्या वर्षी माझं नाव पुढे गेलं नाही.

युवराज तीन दिवस दवाखान्यात होता. पेठेत सांगितलं की कावीळ झालीय. डॉक्टरांनी पावसाळाभर खेळू नको म्हटलं आणि आनंदीबाईंनी त्याचे बूट कांडपाच्या गिरणीत कुलूप लावून ठेवले, हे मला फार पुढे कळलं. पावसाळ्यानंतर तो ट्रायलला गेला आणि पास झाला. पेठेनं मिरवणूक काढली. ती मुद्दाम माझ्या घरावरून नेली आणि दारात जरा जास्त वेळ हलगी वाजवली.

आमच्या गवळ्यानं दुधाचा रतीब बंद केला. तोही वाघजाईचाच. शैलजा, म्हणजे माझी बायको, रोज सकाळी किटली घेऊन दुसऱ्या पेठेत जायची. एकदा तिनं विचारलं, "खरं सांगा, का नाही घेतलं त्याला आत?" मी म्हटलं, "तो बरा नव्हता." ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं." त्या एका 'बरं'साठी मी तिचा जन्माचा ऋणी आहे. आप्पा चार वर्षांनी गेले. मी खांदा द्यायला पुढे झालो तर पोरांनी वाट दिली नाही. मागे मागे चालत गेलो.

वयाची अट संपता संपता माझी पुन्हा परीक्षा झाली आणि मला बॅज मिळाला. ढाका, काठमांडू, दोहा, ताश्कंद. ताश्कंदला बर्फाच्या भुरभुरीत मॅच घेतली आणि मध्यंतरात हात शेकत बसलो असताना मला कोल्हापूरचं ऊन आठवून हसू आलं. बाहेरचं जग मोठं असतं, पण लाइनीवर उभा राहून आत यायची वाट बघणारा खेळाडू सगळीकडे सारखाच. त्याला हात करताना दर वेळी मला युवराज दिसायचा.

पंचेचाळिसाव्या वर्षी नियमाप्रमाणे बॅज उतरवला. त्यानंतरच्या रविवारी मी घरी पेपर वाचत बसलो होतो. फाटकाशी मोटारसायकल थांबली. बत्तिशीचा, पोट सुटायला लागलेला एक गृहस्थ उतरला. डोक्याचे केस नुकतेच परत उगवायला लागलेले.

मी ओळखलं. तो फाटकाबाहेरच उभा राहिला.

"आई गेली, सर," तो म्हणाला. "महिना झाला."

"अरेरे." मी उठून उभा राहिलो. "मला कळलंच नाही रे."

"तुम्हाला कोण सांगणार?" त्यानं फाटकाच्या गजावर हात ठेवला, पण ढकललं नाही. "जायच्या आधी मला जवळ बसवून बोलली. म्हणाली, सरनोबत सरांना आयुष्यभर शिव्या घातल्यास. मॅचच्या दिवशी ते मागच्या दारानं आलते. त्यांनी सांगितलं म्हणून तुला दवाखान्यात नेला. आणि मी बोलू नगा म्हटलं म्हणून ते आजवर गप हाईत." तो थांबला. "मला काय बोलावं कळंना झालंय, सर. आत येऊ का नको, तेबी कळंना."

माझा हात आपोआप वर गेला. मैदानावर करायचो तशीच खूण, अख्खा दंड हलवून.

युवराजनं ती ओळखली. तो हसला, हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला, आणि फाटक ढकलून तो आत आला. माझ्या पायाशी वाकला तेव्हा मी त्याला धरून खुर्चीत बसवलं. आत शैलजाच्या कुकरची शिट्टी झाली.

"एक मागायचं हाय," तो म्हणाला.

"माग की."

"तो गोल मला आठवत न्हाई."

मला आधी कळलं नाही.

"माझा गोल, सर. त्या दिवशीचा. सकाळी आईनं दही हातावर ठेवलं तिथपर्यंत आठवतंय, आणि पुढचं एकदम दवाखान्यातलं. मधलं सगळं गेलंय, ते आलंच न्हाई परत. लोक अजून भेटले की म्हणत्यात, युवराज, काय गोल मारलातास भावा! मी मान हलवतो. कोण म्हणतो चाळीस यार्डांवरनं मारला, कोण म्हणतो सायकल किक. एक जण म्हणतो जाळी फाटली. आयुष्यात सगळ्यात भारी गोल मारला आणि त्यात मीच न्हाई." त्यानं तळहातानं डोळे पुसले. "तुम्ही जवळ होतासा. आणि तुम्ही कुणाच्याच बाजूचे नव्हतासा. खरा कसा होता, सांगा की."

मी टीपॉय बाजूला सरकवलं. बसून सांगायची गोष्टच नव्हती ती.

"हे बघ, ही हाफ लाइन. तू इथं, उजव्या बाजूला. तुमच्या गोलकीपरनं बॉल हातानं लांब फेकला. तू तो थांबवलाच नाहीस. अंगावरून जाऊ दिलास आणि वळलास. तुझ्यामागचा बॅक तिथंच फसला."

"ऑफसाइड?"

"तुमच्याच हाफमधून निघालास, कसला ऑफसाइड? मग इथं नवरंगचा दुसरा बॅक आला. त्यानं मागून तुझी जर्सी धरली. कॉलर टर्रकन फाटली. तुझा एक गुडघा जमिनीला टेकला. माझी शिट्टी ओठांत होती, गालात हवा भरली होती."

"आणि?"

"बॉल अजून तुझ्या पायाशी होता. आणि तू उठत होतास. म्हणून मी फुंकली नाही."

युवराज खुर्चीच्या कडेवर आला होता. "हे कुणीच सांगितलं न्हवतं मला."

"त्यांना कुठून दिसणार? तू उठलास. गोलकीपर पुढे आला. तो, मी, सगळं स्टेडियम, सगळ्यांना वाटलं की उजव्या पायानं जोरात मारणार. तू डाव्या पायाच्या बोटानं नुसतं ढकललंस. त्याच्या पायांमधून. बॉल इतका हळू गेला की मला वाटलं, पोचतोय का नाही. आतल्या बाजूनं खांबाला लागला, लाइनीवर रेंगाळला आणि मग आत गेला."

"आणि जाळी फाटली म्हणत्यात ती?"

"ती आधीपासूनच फाटकी होती. मॅचच्या आधी मीच सुतळीनं बांधून घेतली होती."

तो मोठ्यानं हसला. रडतही होता.

"चांगला होता?" त्यानं विचारलं. एवढा मोठा माणूस, पण लहान पोरागत विचारलं.

"युवराज, मी त्यानंतर पंधरा देशांत मॅच घेतल्या. तसा गोल मला पुन्हा बघायला मिळाला नाही."

"मग तुम्ही काय केलंसा? गोल झाल्यावर?"

"काय करणार? सेंटरकडे हात दाखवला आणि तोंड सरळ ठेवून मागे पळालो. रेफरीला टाळी वाजवता येत नाही."

युवराजनं नाक ओढलं. "आता रिटायर झालायसा न्हवं?"

मी त्याच्याकडे बघितलं. मग टाळी वाजवायला सुरुवात केली. आधी जरा अवघडून, मग दणादण, तळहात झोंबेपर्यंत. दहा वर्षांची टाळी होती ती, थांबवावीशी वाटेना. शैलजा हातात झारा घेऊन स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

"अहो, काय झालं?"

मी टाळ्या वाजवतच होतो. युवराजच डोळे पुसत उभा राहिला.

"गोल झाला, काकू," तो म्हणाला.